न पाहिलेला रुग्ण

"रुग्णाचं नाव नाही, धंदा नाही, फोटो नाही," सरांनी नेहमीचे नियम सांगितले. "मी विचारेन तेवढंच सांगायचं. कर सुरुवात, मुंगे."

वर्ग हसला. एम.डी. मेडिसिनच्या पहिल्या वर्षाची ती विद्यार्थिनी खरोखरच चणीने मुंगी होती, आणि तितकीच चिवट.

बुधवारी दुपारचा हा तास ऐकायला सर्जन व्हायचं पक्कं ठरवलेली मुलंही दाराबाहेर दाटीवाटीने उभी राहत. रुग्ण न बघता, हात न लावता, नुसतं विचारत विचारत सर आजारापर्यंत पोचत.

मुंगीचंही तसंच झालं होतं. घरात सगळे सर्जन. दोन वर्षांपूर्वी ती सहज म्हणून या तासाला डोकावली. एका बाईचा ताप महिनोन्‌महिने उतरत नव्हता. सरांनी विचारलं, "घरी जनावरं आहेत? दूध उकळून पितात की कच्चंच?" ढीगभर तपासण्यांत न सापडलेला आजार दोन प्रश्नांत समोर येऊन उभा राहिला. मुंगीच्या अंगावर काटा आला.

घरी जाऊन ती वडिलांना म्हणाली, "मला कापायचं नाही, बाबा. मला विचारायचंय."

वडील आठवडाभर बोलले नाहीत.

"त्रास काय?" सरांनी सुरुवात केली.

"काहीच नाही म्हणतात."

"मग तुझ्याकडे आले कशाला?"

"आले नाहीत, सर. मीच बघतेय. बरेच महिने."

"शाबास! रुग्णाच्या मागे लागलेली डॉक्टर पहिल्यांदाच बघतोय."

पुन्हा हशा. सरांनी रुमालाने कपाळ टिपलं. टोकाच्या बाकावरून कुणीतरी हात वर केला होता, तो तसाच राहिला. कडेला बसणाऱ्यांना सर भाव देत नाहीत, ही जुनीच तक्रार होती.

"आवाज?"

"जुनं रेकॉर्डिंग ऐकलं. त्या मानाने आता खूप जड झालाय."

सरांनी फळ्याकडे वळून लिहिलं:

आवाज.

"अंगठी घालतात?"

"घालायचे. रुतायला लागली म्हणून काढली. वजन वाढलंय म्हणतात."

"सगळे तेच म्हणतात."

अंगठी.

"जुना फोटो पाहिलास?"

"हो. आता जबडा पुढे आलाय. भुवयांखालचं हाडही."

"घरच्यांच्या लक्षात नाही आलं?"

"रोज बघणाऱ्याला दिसत नाही, सर."

"आणि रोज आरशात बघणाऱ्याला तर नाहीच नाही," सर खुशीत म्हणाले.

जबडा.

मग त्यांचा आवाज खाली आला. "चालताना धडकतात?"

"दाराच्या चौकटीला खांदा लागतो. कधी डावा, कधी उजवा."

खडू खाली ठेवून सर वळले.

"मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यात गाठ वाढतेय. तीच हाडं वाढवतेय, आणि आता डोळ्यांच्या नसांना टेकलीय. त्यामुळे दोन्ही कडांचं दिसेनासं झालंय. कर्करोग नाही, काढता येते. पण असाच हयगय करत राहिला, तर आंधळा होईल हा माणूस."

एका न पाहिलेल्या माणसाच्या डोक्यात सर जाऊन आले होते, आणि तेही खुर्चीपासून फळ्यापर्यंतच्या चार पावलांत.

"ते ऐकत नाहीत, सर," मुंगी म्हणाली. "दोनदा आडून सुचवलं. उडवून लावलं. सगळे वचकून असतात त्यांना. मीपण."

"आडून सांगतेस म्हणून उडवतात. चारचौघांत सांग, पळवाटच ठेवू नकोस. तिथल्या तिथे तपासणीची वेळ देऊन टाक." सरांनी बोट उगारलं. "आणि डोळ्याला डोळा भिडवून. माणूस कितीही मोठा असला, तरी आजारापुढे तो नुसता रुग्ण असतो. कळलं?"

"कळलं."

मुंगी दोन पावलं पुढे आली आणि तिने मान वर केली.

"उद्या सकाळी आठ वाजता उपाशीपोटी या, सर," ती म्हणाली. "तुमचं रक्त मी स्वतः काढेन."