दरवाजाचा पहिला हप्ता

नासरच्या कागदावर दोन रकाने होते. एक सैनिकांनी केलेल्या नुकसानीचा, दुसरा भाडेकरूंनी केलेल्या नुकसानीचा. पहिल्या रकान्यातलं सगळं मालकीणबाई स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करणार होत्या. दुसऱ्यातलं ज्याचं त्यानं भरायचं. कसं भरायचं तेही खाली टाइप केलं होतं: महिनाअखेर एकरकमी, नाहीतर भाड्याबरोबर दहा हप्त्यांत, तेही जमत नसेल तर फ्लॅट रिकामा करायचा.

बनेद अल-गार वस्तीतल्या त्या चार मजली इमारतीत तळमजल्यापासून सगळ्यांचं उत्तर एकच आलं होतं. काचा? सैनिकांनी. गच्चीवरच्या टाक्या? सैनिकांनी. खोल्यांची सतरा दारं? तीही सैनिकांनीच नेली. लढाई संपून तीन महिने झाले होते. बसऱ्याकडे परत पळालेले सैनिक काही खुलासा करायला येणार नव्हते.

"तुमचं?" तिसऱ्या मजल्यावर नासरनं विचारलं.

"सेम," राजन म्हणाला. "सोल्जर्स."

त्याची बायको श्यामला त्याच्यामागे उभी होती. नुकतीच हॉस्पिटलातून आलेली. पांढऱ्या युनिफॉर्मवर पेटलेल्या तेलविहिरींच्या काजळीचे ठिपके तसेच होते.

तेवढ्यात जिन्यावर धाप लागल्याचा आवाज आला आणि पायघोळ काळ्या अबायात उम्म फैसल वर आल्या. नासरची मावशी, इमारतीच्या मालकीण. सत्तरी उलटलेली. वडिलांचा मोत्यांचा व्यापार मुंबईत होता, त्यामुळे बाईंचं हिंदी अजून भेंडीबाजारातलं. नासरच्या कागदाकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरळ स्वयंपाकघरात शिरल्या, डबे न्याहाळले, गॅलरीत डोकावल्या आणि तिथल्या तीन विटांपाशी थांबल्या.

"इधर चूल्हा?"

"गॅस खतम हो गया था," श्यामला म्हणाली.

"और लकडी?"

"खोकी," राजन घाईघाईनं म्हणाला. "बॉक्स. मार्केट का."

उम्म फैसलनी मान हलवली. विटेवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. मग त्या आपणहूनच सांगायला लागल्या. तळमजल्यावर त्यांच्या बैठकीला एक दरवाजा होता. सागवानी. वडिलांनी मुंबईहून गलबतातून आणलेला. लुटीतलं जे काही सापडतंय ते अर्दियाच्या गोदामांत आणून टाकलं आहे म्हणून त्या दर शनिवारी तिथे जात होत्या. शंभरेक दारं भिंतीला टेकवून ठेवलीत म्हणे. त्या प्रत्येकावर टिचकी मारून पाहात.

"आवाज से पहचान लूंगी," त्या म्हणाल्या.

श्यामलानं राजनकडे पाहिलं.

"श्यामल, गप्प बस हं," तो मराठीत पुटपुटला. "सागवान आहे ते. दहा हप्ते काय, दहा वर्षं पुरायची नाहीत."

"दर शनिवारी जातात हो त्या."

"जाऊ देत. तेवढाच विरंगुळा. आणि हे घर गेलं, तर पुढच्या महिन्यात पोरीला, ओवीला आणून ठेवणार कुठे? माझ्या डोक्यावर?"

श्यामला आत गेली. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर आली. हातात पितळेची कडी होती, बोटभर जाडीची, एका बाजूनं काळी पडलेली.



उम्म फैसलनी कडी ओळखली. हातात घेतली नाही, नुसती पाहात राहिल्या.

"किसने?"

"हमने."

श्यामलानं सांगितलं. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. आतली दारं आधीच जळून संपली होती. इमारतीत अकरा माणसं उरली होती. राजननं हॉस्पिटलातून प्लॅस्टर कापायची करवत आणली. दोन दिवस कापत होता. करवतीचे दात गेले, दरवाजा काही लवकर हार मानेना.

नासरनं पेन पहिल्या रकान्यावरून उचललं आणि दुसऱ्यावर नेलं. "एकरकमी की हप्त्यांनी?"

उम्म फैसलनी हात वर करून त्याला थांबवलं. "कितना दिन जला?"

"छह दिन."

"छह!" त्यांच्या भुवया वर गेल्या. "उसपे पकाया क्या?"

"पेज. तुकडा चावल का. बिना नमक. नमक भी खतम था."

"ग्यारह आदमी?"

"ग्यारह."

आता त्यांनी कडी घेतली. पालथी करून पाहिली, अंगठ्यानं काजळी पुसायला गेल्या आणि मधेच थांबल्या. "मैं सोचती थी, बसरा में किसी अफसर के घर लगा होगा," त्या म्हणाल्या. "वो अंदर बैठके चाय पीता होगा."

 नासरनं विचारलं, "खाला, काय लिहू?"

"हप्ता," उम्म फैसल म्हणाल्या. स्वयंपाकघरातलं स्टूल त्यांनी पायानं ओढलं आणि त्यावर बसल्या. कडी मांडीवर. "पहला अभी. वोही पेज बनाओ. जैसा तब था, वैसा."

राजननं श्यामलाकडे पाहिलं, श्यामलानं नासरकडे. बाकीच्या नऊ हप्त्यांचं काय, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. नासरचं पेन अजून दुसऱ्या रकान्यावर अधांतरी होतं.

श्यामलानं तांदूळ धुतले, जाडसर कुटले, गॅस पेटवला. पाणी उकळायला लागलं तसा सवयीनं तिचा हात फळीवर गेला. तिनं मिठाची बरणी काढली, झाकण उघडलं, चिमूट भरली.

उम्म फैसल पाहात होत्या.

श्यामलानं चिमूट बरणीत परत सोडली, झाकण घट्ट लावलं आणि बरणी होती तिथे ठेवून दिली.