पाळण्याची कटकट

सुताराने लेकीसाठी स्वतः घडवलेला पाळणा दर झोक्याला ‘कट्’ वाजायचा आणि नुकता डोळा लागलेली लेक दचकून रडायची.

“अहो, एकदा खालून बघा ना,” बायको म्हणाली.

“सुतार तू की मी?” म्हणत त्याने वरच्या कड्या बदलल्या, साखळ्यांना तेल घातलं, शिवाय स्वतःची पेन्सिल हरवल्याचा आळही बायकोवरच घेतला. लेकीने रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठे “देवा, आता तूच सुचव” म्हणत त्याने जमिनीला डोकं टेकवलं. समोरच, पाळण्याच्या तळाच्या फटीत त्याची पेन्सिल अडकली होती आणि दर झोक्याला ‘कट्’ करून फळीवर आपटत होती.

लेक झोपल्यावर बायकोने हळूच विचारलं, “काय म्हणाला देव?”


पेन्सिल कानावर खोचत तो कुजबुजला, “म्हणाला, बायको सांगत होती तेव्हा कुठे होतास?”