मिस्त्रींची शीळ

"आज पण अर्धाच कप? जिवंतपणी दोन-दोन प्यायचे ते," पॅकिंगवाली काकू पुटपुटली आणि चहाचा कप तिने तिसऱ्या पाइपाखाली सरकवला.

वर पाइप वाजत होता. बारीक, दातांतून सोडल्यासारखा, न थांबता. मटार गोठवणाऱ्या या कारखान्यात त्या आवाजाला सगळे मिस्त्रींची शीळ म्हणत. थंडी सांभाळणारे मिस्त्री याच पाइपाखाली पडलेले सापडले होते. हृदय बंद पडलं, असं साहेबांनी सांगितलं आणि त्यांच्या जागी त्यांच्याच बायकोला घेतलं. मशीनरूममध्ये आकडे टिपता टिपता ती सगळ्यांची वहिनी झाली. डबाही या पाइपाखालीच खायची, भिंतीला टेकून. कोणी हटकलंच तर म्हणायची, "सोबत असते."

हेड ऑफिसच्या मॅडम आल्या तेव्हा साहेब त्यांच्या दोन पावलं पुढे होते. पाच वर्षांत आपलं प्रदूषण निम्म्यावर आणू, असा शब्द कंपनीने जगाला दिला होता. मुदत याच महिन्यात संपत होती. एकोणीस कारखाने बघून झाले होते, हा विसावा.

"हा थंडीचा गॅस फार वाईट हो," मॅडम वहिनीला म्हणाल्या. "थोडा सुटला तरी आमच्या सगळ्या ट्रकांच्या धुराला भारी पडतो, आणि बंद जागेत साठला तर माणूसही गुदमरतो. म्हणून एवढंच सांगा, गळती आहे?"

साहेबांनी पुढे केलेल्या फॉर्मवर 'नाही' आधीच टाइप केलेलं होतं. खाली सहीपुरती जागा.

"गळती कसली! सगळं चोख आहे," साहेब म्हणाले.

"मग बाहेर गॅसचे एवढे रिकामे सिलिंडर? सारखा भरावा का लागतो?"

"कंत्राटदाराचे. त्याचं तो बघतो."

मॅडमनी मान वर केली. "आणि हा आवाज?"

काकू पुढे झाली. "आमचे मिस्त्री आहेत ते, मॅडम. गेलेत, पण ड्यूटी सोडवत नाही त्यांना."

साहेब जरा जास्तच मोठ्याने हसले. "भाबडी माणसं आहेत. आपण कशाला त्यांचं मन मोडायचं?" मग आवाज उतरवून म्हणाले, "वहिनी, करा सही. तुम्हाला कायम केल्याचं पत्र टेबलावर तयार आहे. जाताना घेऊन जा."

वहिनीने पेन घेतलं. दुसरा हात वर करून पाइपावर ठेवला. तळवा बर्फाला चिकटला, तरी तिने काढला नाही. सही केली की नोकरी राहणार होती. डब्याच्या वेळची सोबतही.

"कधीपासून येतोय हा आवाज?" मॅडमनी विचारलं.

"मिस्त्री गेले तेव्हापासून," साहेब पटकन म्हणाले. काकूने मान डोलावली.

वहिनीने हात सोडवला. पेनाला टोपण लावलं.

"नाही," ती म्हणाली. "आदल्या रात्री जेवताना बोलले होते, तिसरा पाइप वाजायला लागलाय. साहेबांना सांगून आलोय."