अकरा सेकंद

गुरुवारी दुपारी राजधानीत, लिलाँग्वेच्या ऑफिसात, तावोंगाने फोन करणाऱ्या एकाचा नंबर बंद केला.

उत्तरेकडच्या शेतकऱ्यांसाठी तिथून एक फुकट फोनलाइन चालायची. नंबर फिरवायचा आणि तुंबुका भाषेत पावसाचा अंदाज ऐकायचा, शेंगा जमिनीवर न पसरता कशा वाळवायच्या ते ऐकायचं. आवाज तावोंगाचाच. सुरुवातीचं "कसे उठलात?" तिने हट्टाने घालायला लावलं होतं, आणि त्यापुढे चार सेकंदांची शांतता. आमच्याकडची म्हातारी माणसं उत्तर दिल्याशिवाय पुढचं ऐकून घेत नाहीत, असं तिने मीटिंगमध्ये सांगितलं होतं.

"हा बघ तुझा चाहता," लिंबानी शेजारच्या टेबलावरून म्हणाला. "दिवसाला आठ-नऊ फोन. आणि दरवेळी अकरा सेकंद. 'कसे उठलात' झालं की ठेवून देतो. पाऊस नको, शेंगा नकोत."

यादीत कुणाचेही नंबर दिसत नसत, नुसते कोड. तसा नियमच होता.

"चार सेकंदांत लग्नाची मागणी घालत असेल बिचारा," लिंबानी हसला.

"गप रे. कुणाचा तरी फोन बिघडलाय. आपल्या कॉलच्या वेळेची सरासरी खाली ओढतोय, आणि सोमवारी अहवाल जायचाय," तावोंगा म्हणाली आणि त्या कोडपुढची 'बंद'ची कळ तिने स्वतःच दाबली.

संध्याकाळी ती खोलीत खिडकीपाशी बसली होती. मांडीवर पुस्तक उघडं होतं. फोन एकदा वाजून थांबला. आईचा मिस्ड कॉल. थोड्या वेळाने पुन्हा. मग तिसऱ्यांदा. रविवारी बोलू, असं तावोंगा मनात म्हणाली आणि तिने पान उलटलं. रविवारीही बोलणं फारसं होत नसे. "कामात आहे आई, नंतर करते," एवढंच.

शुक्रवारी सकाळी आई उठली नाही.

माती झाल्यावर दोन दिवसांनी गावी आईच्या घरात चटईवर मोजक्याच बायका उरल्या होत्या. तावोंगा आत आली तशी एक म्हातारी म्हणाली, "शेंगा उचला गं जमिनीवरनं, फोनवाली आली." दोघी-तिघी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या.

आईचा फोन खिडकीच्या गजाला प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेला होता. घरात रेंज तेवढ्याच जागी यायची. गजाखाली एक बुटकं स्टूल होतं.

"ती जागा तिचीच," शेजारची न्याकुमवेंडा म्हणाली. आईच्या वयाची बाई, आईच्याच फडक्यात बांधलेल्या शेंगा सोलत बसली होती. "सकाळ नाही, दुपार नाही. स्टुलावर बसायची आणि तुझ्याशी बोलायची."

"माझ्याशी?"

"मग कुणाशी? तू विचारायचीस ना, कसे उठलात. ही सांगायची, उठले बाई, गुडघा तेवढा ठणकतोय, तू कशी आहेस? आणि ठेवून द्यायची."

"मावशी, ते मशीन आहे."

"तिला काय माहीत नव्हतं? वेडी नव्हती तुझी आई. मी म्हणायची, अगं, पुढचं तरी ऐक, पावसाचं सांगते पोरगी. तर म्हणायची, शेत कुठाय मला? दोन वर्षं झाली दिराला देऊन. पाऊस तू ऐक." न्याकुमवेंडाने एक शेंग फोडली, दाणे किडके निघाले, तिने ते टाकून दिले. "दुपारी कसे उठलात विचारते वेडी, म्हणून हसायची. पण उत्तर द्यायची."

तावोंगाने पिशवीची गाठ सोडायला घेतली. ती लवकर सुटेना.

"गुरुवारी मात्र घाबरली," न्याकुमवेंडा म्हणाली. "मला बोलवायला आली. म्हणाली, आज पोरीने विचारलंच नाही. आवाज तिचाच आहे, काहीतरी भराभर बोलली, पण कसे उठलात म्हणालीच नाही. तिला बरं नाहीये. मी म्हटलं, असेल कामात. तर म्हणाली, कामात असली तरी ती रोज विचारते. मग तिने तुझ्या फोनवर मिस्ड कॉल दिला. तीनदा दिला. तू करशील म्हणून अंधार पडेपर्यंत इथेच बसली होती."

पिशवीची गाठ एकदाची सुटली. न्याकुमवेंडाने सोललेले दाणे ओंजळीत घेतले आणि ती चुलीकडे निघून गेली. तिच्यामागून बाकीच्या बायकाही उठल्या.

फोनमध्ये थोडी बॅटरी होती. वर तीनदा तावोंगाचा नंबर. त्याखाली शेतीच्या लाइनचा. त्याखाली पुन्हा तोच, आणि पुन्हा तोच. ती स्टुलावर बसली. ते इतकं बुटकं होतं की गुडघे छातीशी आले. तिने लाइनचा नंबर लावला आणि फोन कानाला धरला.

"या नंबरसाठी ही सेवा बंद आहे. धन्यवाद."

आवाज तिचाच होता. दोन वर्षांपूर्वी, शेवटी राहिलेली वाक्यं उरकताना, तिने तेही रेकॉर्ड केलं होतं. स्वच्छ, एका दमात, कुणी उत्तर देईल अशी जागा न ठेवता.

फोन कट झाला. तिने तो कानावरून काढला नाही. बाहेर बायका मोठ्या भांड्यात मक्याचं पीठ घोटत होत्या, लाकडी पळी भांड्याच्या बुडाला घासत होती.

"मी कामात नव्हते, आई," ती मोठ्याने म्हणाली. "एकाही रविवारी नव्हते."