मशीन काय म्हणतंय?

“सर्दी हाय नुसती,” मारुतराव खाटेवरून न उठता म्हणाले. “ओवा भाजून छाती शेका. उठलं की शिरूर, उठलं की शिरूर. तुला काय जातंय सांगायला?”

सारजाबाईनं पिशवीतून मशीन काढलं. वडगाव रासाईची ती आशाताई. सविताच्या मांडीवर दहा महिन्यांचा साई डोळे मिटून पडला होता. सकाळपासून त्यानं दूध तोंडात धरलं नव्हतं. सविता एकदा सासऱ्यांकडे आणि एकदा सारजाबाईकडे बघत होती.

“मशीन लावते, आबा.”

“लाव की. मशीनला कोण न्हाई म्हणतंय?”

ओट्यावर बसलेल्या तेजश्रीनं लॅपटॉप मिटला. न्यूमोनियानं मुलं दगावू नयेत म्हणून तालुक्यात एक अभ्यास चालू होता. त्याची आकडेवारी ती सांभाळायची. वर्षापूर्वी वीस गावांतल्या आशाताईंना तळहाताएवढी मशिनं दिली होती. बाळाच्या पायाच्या अंगठ्याला चिमटा लावला की रक्तातला ऑक्सिजन कळतो. तो आकडा मशीन स्वतःच साठवून ठेवतं. आशाताईनं कागदावर फक्त मिनिटाचे श्वास मोजून लिहायचे. साठवलेले आकडे उतरवून घ्यायला तेजश्री आज आली होती.

वीस गावांत हे गाव सगळ्यांच्या पुढे होतं. दिवाळीपासून सारजाबाईनं दहा मुलं शिरूरच्या दवाखान्यात धाडली. दहाही वेळेत पोचली, दहाही हसत घरी आली. हे इथंच कसं जमतं, ते तेजश्रीला बघायचं होतं.

सारजाबाईनं साईच्या अंगठ्याला चिमटा लावला आणि मशीनवर पदर धरला. उन्हात आकडा चुकतो, हे प्रशिक्षणात तेजश्रीनंच शिकवलं होतं. मशीनच्या फटीत काहीतरी लाल दिसलं.

“हे कुंकू का?”

“मीच लावलंय,” मारुतराव म्हणाले. “खंडेनवमीला ट्रॅक्टरशेजारी हेबी पूजेला ठेवलं. ट्रॅक्टरला जे जे केलं, ते समदं याला केलं. दुजाभाव न्हाई आपल्याकडं.”

तेजश्रीला हसू आलं. झेंडूची माळ घातलेलं मशीन तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

“आबा, जरा गप बसता का?” सारजाबाई म्हणाली. तिचा दुसरा हात साईच्या झबल्याखाली गेला आणि बरगड्यांवर टेकला. तिनं डोळे मिटले. ओठ हलू लागले.

“जप करती,” मारुतराव दबक्या आवाजात म्हणाले. “मशीन लावलं की दर बारीला करती. गुण हाय त्याचा.”

गुण ऑक्सिमीटरचा आहे, तेजश्रीच्या मनात आलं.

मिनिटभरानं सारजाबाईनं डोळे उघडले.

“किती आलं?” तेजश्रीनं विचारलं.

“आबा, गाडी काढा.”

“मशीन काय म्हणतंय?” मारुतराव उठून बसले.

“लई खाली गेलंय म्हणतंय. आत्ताच्या आत्ता.”

मारुतराव चप्पल न घालताच गाडीकडे धावले.

वाटेत न्हावऱ्याजवळ उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. मारुतरावांनी हॉर्नवरचा हात काढला नाही. “डोळं उघड रं राजा,” सविता मागच्या सीटवर साईला पुन्हा पुन्हा म्हणत होती. सारजाबाईनं हिंदकळत्या गाडीतच कागदावर लिहिलं: श्वास, अडुसष्ट. मग हात परत झबल्याखाली घातला.

“मशीन यायच्या आधी काय करायचात?” तेजश्रीनं हळूच विचारलं.

“सांगतच हुते की. गीताबाईच्या नातीच्या वक्ताला तीन दिस सांगितलं.”

“मग?”

“मग काय? बाईमाणसाचं सांगणं ते.” सारजाबाई खिडकीबाहेर बघत राहिली. “आता बरं हाय. मशीनचं ऐकत्यात.”

शिरूरच्या दवाखान्यात साईला लगेच आत घेतलं. तिथल्या मशीनवर आकडा आला चौऱ्याऐंशी. नाकाला ऑक्सिजनची नळी लागली, हाताला सुई लागली.

“आणखी दोन तास घरी ठेवला असता, तर माझ्या हातात काही उरलं नसतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कुणी ओळखलं?”

“मशीननं,” मारुतराव म्हणाले.

दुपार टळली. चारच्या सुमाराला साईनं असं भोकाड पसरलं, की शेजारच्या खाटेवरची मुलगीही दचकून उठली. सविता रडता रडता हसू लागली. थोड्या वेळानं तो घटाघटा दूध प्यायला. मारुतरावांनी अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले. पहिला पेढा त्यांनी मशीनपुढे ठेवला.

“म्याडम, तुमच्या सायबांना सांगा, गावोगाव हेच मशीन द्या. माणूस चुकतं, मशीन चुकत न्हाई.”

“सांगते, आबा.”

तेजश्रीनं बाहेरच्या बाकावर बसून पुण्याला फोन लावला. “सर, अकरापैकी अकरा! आकडे आत्ता पाठवते.” तिनं मशीन मांडीवर घेतलं, वायर लॅपटॉपला जोडली आणि दिवाळीनंतरच्या नोंदी शोधू लागली.

दारातून खाट दिसत होती. सारजाबाईचा हात पुन्हा साईच्या बरगड्यांवर होता. डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते.

“सारजाबाई, काय म्हणतंय मशीन आता?” मारुतरावांनी विचारलं.

“बेस म्हणतंय, आबा. बेचाळीस.”

तेजश्रीनं मांडीवरच्या मशीनकडे बघितलं. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काच काळीच राहिली. तिनं लॅपटॉपवरची यादी वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिली. दिवाळीनंतरची एकही नोंद नव्हती. शेवटची नोंद खंडेनवमीच्या सकाळची होती.