बावीस जणींचं मत

"एकवीस जणी खूश, एक नाराज." लॅपटॉपवरची मान वर न करता मोहिनी मॅडम म्हणाल्या. "मग फोन कसे बदलायचे, मंदाबाई? तुम्हीच सांगा."

हिंगणघाटला संस्थेच्या हॉलमध्ये बावीस बालवाडीताई सतरंजीवर बसल्या होत्या.

ती एक नाराज म्हणजे आपणच, हे मंदाबाईला सांगायला ज्योतिषी नको होता.

पंधरा दिवस तिनं जिवाचं रान केलं होतं. मुलाचा चेहरा फोननं ओळखला तरच आहाराचं पाकीट द्यायचं, असा संस्थेचा नियम. आणि संस्थेनंच दिलेला फोन चेहरे ओळखेना. अल्लीपूरला तिच्या बालवाडीत कापूस वेचणारीची सव्वादोन वर्षांची पोर सलग आठ दिवस रिकाम्या हातानं परत गेली. नवव्या दिवशी ती आलीच नाही.

मग मंदाबाई वही घेऊन बसली. एकेकीला विचारलं, फोन कसा आहे, खरं सांग. तिनं गुणही लिहिले, कारण उगाच कुणाचं वाईट लिहायचा तिचा स्वभाव नव्हता. आवाज दणदणीत. टॉर्च झकास. बैलाच्या पायाखाली गेला तरी फुटला नाही. मग अवगुण. दहा वाजता चार्जिंग संपते. दुपारी इतका तापते का पदरानं धरा लागते. उन्हात पडद्यावर रंग तेवढे दिसते, अक्षरं नाई. फोटो निघेपर्यंत पोरगं मोठं होऊन जाते. अवगुणांना चार पानं लागली.

वही पाहून मॅडम म्हणाल्या, साहेबांना वही चालत नाही, फोनवरच फॉर्म भरा. एकच प्रश्न आहे. निम्म्या जणी नाराज निघाल्या तर फोन बदलून देऊ.

मंदाबाईनं सगळ्यात आधी स्वतःचा फॉर्म भरला. कसा भरायचा ते ग्रुपवर बोलून पाठवलं. सगळ्यांचे अंगठे आले.

आणि आता हे.

ती उभी राहिली. "एकवीस? अवं, पंधरा दिवस माह्या कानाशी रडल्या ना वं तुमी! आन् इथं आल्यावर गोड झाल्या?"

"ताई, आमी काई—"

"शोभा, तू त बोलूच नको. फोनवर पोळी शेकता येते म्हणत होती ना? आता तेच खाय जलमभर."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि पदरात तोंड लपवलं.

"हासा! काऊन केलं असं? मॅडमच्या कपभर चहासाठी? तिकडं लेकरं पाकिटाकडं पाहून राह्यले, आन् तुमाले फोन आवडला!"

शोभाबाईचे डोळे भरून आले. "माह्या लेकराची आन, ताई. तूच सांगतलं ना, लाल दाबजा म्हणून? आपल्या वजनाच्या तक्त्यात लाल म्हणजे पोराची हालत खराब, तसंच इथंबी लालच दाबा, बाकी कशाले हात लावू नका. मी लालच दाबलं."

"मीबी लालच," जागृती म्हणाली.

"मीबी."

"आमी दोघींनी त संगंच दाबलं."

"मीबी" म्हणत म्हणत रांग शेवटच्या कोपऱ्यात गेली आणि मयुरीपाशी अडली. मयुरी सगळ्यांत लहान, दोन महिन्यांपूर्वी लागलेली. सासऱ्याचं बाजारात मोबाईलचं दुकान.

"मी लाल नाई दाबलं," ती म्हणाली.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"ताई, मी फॉर्म घरच्या मोबाईलवर उघडून पाह्यला. मंग तुमाले दोनदा फोन लावला, लागला नाई. ते लाल हाये ना—"

"घरचा मोबाईल!" मंदाबाईनं तिचं बोलणं तिथंच तोडलं. "हो बाई, तुमच्या घरी त ढिगानं आहेत. हे डब्बे कोणाच्या दुकानातून आले, ते आता ध्यानात येऊन राह्यलं मले. तूच एकेकीले फितवलं. या गरीब बाया माह्या तोंडावर लाल म्हणते, आन् मागून तुह्यं ऐकते."

"नाई ताई, माह्यं ऐकून त घ्या—"

"काय ऐकू? आजवर तुह्या डब्यातलं लोणचं खाल्लं, त्याची लाज वाटून राह्यली मले. माफी माग सगळ्यांची. नाईतर उद्यापासून आमच्यात बसू नको."

शोभाबाईनं डोळे पुसले आणि मयुरीशेजारची आपली पिशवी ओढून दुसरीकडे ठेवली. बाकीच्याही सरकल्या. सतरंजीवर मयुरीभोवती हातभर जागा मोकळी झाली. पण माफी काही तिनं मागितली नाही.

"मॅडम," मंदाबाई म्हणाली, "यादी दाखवा. नावासकट. हिनं काय दाबलं, ते पाहू द्या सगळ्यायले."

"तुम्ही म्हणता तर बघा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी लॅपटॉप फिरवला.

मोठ्या पडद्यावर सगळं लख्ख होतं, चष्म्याशिवाय वाचता येईल असं. लाल होतं ते पत्त्यातल्यासारखं टपोरं बदाम. त्याखाली ठळक अक्षरांत 'फोन फार आवडला', आणि एकवीस नावं, पहिलं मंदाबाईचं. शेजारी निळा, रडका चेहरा, 'फोन बदलून हवा'. त्याच्याखाली एकटी मयुरी.