नववा कांदा

नऊ कांद्यांपैकी आठ टबात बुडाले. एडविन थर्लवेलचा तरंगला.

यॉर्कशरमधल्या त्या खेड्यात दरवर्षी सर्वांत वजनदार कांद्याची स्पर्धा होई. वजनापूर्वी मुळांची माती सर्वांसमक्ष धुण्याचा रिवाज होता. एरवी ती नळाखाली धुतली जाई. यंदा नळ नादुरुस्त असल्याने परीक्षक हेस्केथबाईंनी टब भरून घेतला होता. बाई भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या.

“पोकळ आहे!” स्पर्धा भरवणाऱ्या बागायत मंडळाचा अध्यक्ष नॉर्मन ओरडला. त्याचाही कांदा स्पर्धेत होता. “म्हाताऱ्या, आत हवा भरलीस की काय? आम्हाला डिडल करतोस?”

दुकानदाराने मापात मारले, पत्त्यांत कोणी पान लपवले, की तिथे ‘डिडल’ म्हणत. चोरी म्हणत नसत. त्या शब्दाला एरवी सगळे हसत. आज कोणी हसले नाही.

कारण नियम स्पष्ट होता: लबाडी करणाऱ्याला मंडळाने दिलेला वाफा काढून घ्यायचा. एडविनच्या वाफ्यात चाळीस वर्षांचे खत मुरले होते आणि त्याच्या दिवंगत पत्नीने लावलेला गुलाब होता.

“मी काही केलेलं नाही, बाई. चिरून बघा.”

“किळस येते तुझी,” नॉर्मन म्हणाला. “हेच कांदे उद्या वृद्धाश्रमाच्या सूपमध्ये जातात. दरवर्षी जातात! आख्खे उकळतात ते पातेल्यात. त्या म्हाताऱ्यांची तरी लाज बाळगायचीस.”

बाकीच्या सात स्पर्धकांनी माना डोलावल्या. एकमेकांकडे मात्र कोणीच पाहिले नाही.

बाईंनी कांदा उभा चिरला. पापुद्र्याला लागून पापुद्रा. पोकळी नाही, भोक नाही.

“मग तरंगला कसा?” कोणीतरी पुटपुटले.

बाईंनी टबाकडे पाहिले. “नॉर्मन, आता तुझा दे.”

“माझा कशाला? माझा तर सरळ तळाला गेला!”

“म्हणूनच.”

सुरी निम्म्यावर अडकली आणि खट्ट आवाज झाला. बाईंनी तोंडावर रुमाल धरला, पुढचा कांदा घेतला. मग त्याच्या पुढचा. आठवा संपल्यावर हात साबणाने दोनदा धुऊन त्यांनी नोंदवही उघडली.

‘कांदा पाण्यावर तरंगतो,’ त्यांनी लिहिले. ‘उरलेल्या आठांच्या पोटात, मुळांच्या बाजूने खुपसलेली, मासेमारीच्या गळाची शिशाची वजने होती.’